साठ वॅट

ईसाफ्योर्दुरला नोव्हेंबर सरता सरता
सूर्य डोंगराआड बसतो, तो जानेवारीतच उठतो.
कारखान्यात मात्र टेबलं खालून पेटलेली:
दुधी काच, काचेखाली नळ्या, वर कॉडची तुकडी.
आरपार दिसतं सगळं.
शीर, काटा, वेटोळं घालून निजलेला किडा.
चिमट्याने उचलायचा. पुढची.

यंत्रांच्या आवाजाने दातसुद्धा हलतात.
आम्ही सगळे कानांवर पिवळ्या वाट्या चढवून उभे,
ती एकटी उघड्या कानांनी,
कानामागे टोपीतून सुटलेली एक बट.

तिचं नाव ह्राफ्नहिल्दुर.
माझ्या पोलिश जिभेने तीन महिने त्याचे तुकडे पाडले.
मग तिनेच सोपं करून दिलं:
दोन बोटांची चोच, गालावर एक टोच.
नावात डोमकावळा आहे म्हणे.
मला वाटतं, नजरेतही आहे.

त्या आवाजात तोंड कुचकामी.
‘बर्फ संपला’, ‘सुरी दे’,
‘गुडब्रांदुर येतोय, ताठ उभी राहा’,
हे सगळं आम्ही तिच्याकडून हातांनी शिकलो.
रोसेंदो तर शिव्याही शिकला,
ओल्या रबरी मोज्यांत त्या जास्तच घाण दिसतात.
आमच्यात बहिरं कोण,
पाहुण्याला ओळखता आलं नसतं.

साडेनऊला भोंगा होतो.
तिला तो कळतो आमचे खांदे सैल पडले की.

कॉफीच्या खोलीत शांतता.
वाट्या खुंटीला, हात कपांत गुंतलेले,
आणि तोंडं सुटतात:
घरभाडं, गुडघा, मनिलाचं तिकीट, कुणाचं कुणाशी.
हसू टेबलाच्या त्या टोकाला फुटतं,
या टोकाला येईतो शिळं.
काय झालं? ती भुवईने विचारते.
काही नाही, मग सांगते.
किती ‘मग’ साठले असतील तिच्याकडे,
मिठात घातले तर पिंपं भरतील.

त्यात खोलीतला बल्ब गेला.
दाराच्या फटीतून येईल तो उजेड,
आणि कॉफीयंत्राचा लाल ठिपका.
आम्हाला काय, गप्पांना दिवा लागत नाही.
तीन आठवडे आम्ही कानाडोळा केला.
ती दाराच्या फटीशी उभी राहून कॉफी प्यायची.
आम्हाला वाटलं, तिला गार हवा आवडते.

गुडब्रांदुर वाईट माणूस नाही.
मागच्या वर्षी त्याने भिंतीवर फलक लावला होता:
‘इथे सगळे समान’, चार भाषांत.
अंधारात तोही दिसत नव्हता.

सोमवारी ती खुर्चीवर चढली,
गमबूट न काढता.
मेलेला बल्ब खाली दिला.
रोसेंदोने तो सवयीने कानाशी हलवून पाहिला,
ती इतकी हसली की खुर्ची डगमगली.

उजेड पडला.
टेबलावर पावाचा चुरा, कपांचे गोल डाग,
आणि आमचे चेहरे, वाटले होते त्याहून म्हातारे.
ती खाली उतरली, हात पुसले,
आणि नवख्यांसाठी करतात तसं सावकाश विचारलं:
ऑक्टोबरात कशावर हसत होता?

कुणालाच आठवेना.
रोसेंदोने धडपड केली: बकरी होती, पाद्री होता, होडी...
शेवट त्याच्या बोटांत अडकला.
तिने तो ओढून काढला,
आपण तुकडीतला काटा काढतो तसा.
विनोद तसा बेताचाच होता.

दुपारी तिने कचेरीत पावती दिली.
खर्चाच्या रकान्यात काय लिहावं,
गुडब्रांदुरला सुचेना. दुरुस्ती? किरकोळ?
तिने त्याच्या हातचं पेन घेतलं
आणि ठळक अक्षरांत लिहिलं:
दुभाषी, एक नग, साठ वॅट.

पैसे अजून मिळालेले नाहीत.
मी कप आता एकाच हाताने धरते.
सांडते कधीकधी.